भुऱ्याचं मुसकं

सरांचं आडनाव मुसके नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण मलकापूर-मोताळा रस्त्यावरच्या आमच्या फार्मसी कॉलेजात नव्याने आलेला प्रत्येक माणूस त्यांना एकदा तरी "मुसके सर" अशी हाक मारायचाच. मीही मारली. बाहेरून परीक्षक म्हणून आलेल्या एका गृहस्थांनी तर निरोपाच्या चहाला "प्राध्यापक मुसके यांचं सहकार्य लाभलं" असं चारचौघांत म्हटलं, तेव्हा सर हळद लागलेल्या नवरदेवासारखे लाजले. त्यांनी कुणाची चूक दुरुस्त केली नाही. मला मात्र हळूच म्हणाले, "बापाचं आडनाव फुकटात भेटलं मॅडम. हे म्या कमावलं. सांगा, भारी कोनतं?"

नाव पडायचं कारण त्यांच्या केबिनच्या भिंतीवर होतं. इतरांच्या केबिनमध्ये जिथे देवाचा फोटो नाहीतर औषध कंपनीचं कॅलेंडर असतं, तिथे सरांच्या खिळ्याला बैलाचं मुसकं लटकायचं. डवरणीच्या वेळी, म्हणजे पिकाच्या ओळींमधून डवरा हाकून तण काढताना, बैलानं चालता चालता उभं पीक खाऊ नये म्हणून त्याच्या तोंडाला सुतळीची जाळी बांधतात, ते मुसकं. जुनं, काळपट, गोठ्याचा वास न सोडलेलं. बायोकेमिस्ट्रीचा तास आला की सर ते खांद्यावर टाकून वर्गात जात. पहिल्या वर्षाच्या पोरांना वाटायचं, आता हे आपल्याला बांधणार. सर बांधायचेही, पण स्वतःला. भर वर्गात तोंडाला मुसकं बांधून ते जाळीतून केळ खायचा प्रयत्न करत, आणि केळ्याचा पार लगदा झाला की मुसकं खाली ओढून गर्जना करत, "पाह्यलं? तोंड हाय, भूक हाय, घास हाय. तरी खाता येते का? याले म्हन्तात एन्झाइम बंद करनं!"

मी चिखलीची, पण शिकले पुण्यात. हॉस्टेलवर माझ्या तोंडून "मले" निघालं की खोलीतल्या मुली उशीत तोंड खुपसून हसायच्या. म्हणून मी माझी भाषा घासूनपुसून लख्ख करून परतले होते. सरांनी पहिल्याच दिवशी माझं दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, तुम्ही चिखलीच्या ना? मंग अशा इस्त्री केल्यावानी काऊन बोलून राह्यल्या?" मला राग आला होता. पुढे या माणसावर रागावणं किती अवघड आहे ते कळलं, कारण आपण रागावलोय हे त्यांच्या लक्षातच यायचं नाही. ते तोवर आपल्या डब्यात डोकावलेले असायचे.

डब्यात डोकावणं हा त्यांचा छंदच. खाण्यासाठी नव्हे, घोषणा करण्यासाठी. "मॅडमच्या भेंडीचा नंबर लागला! आता पोटात कोन कोन वाट पाहून राह्यलं सांगू?" आणि मग एकेका एन्झाइमचं नाव घेऊन, पंगतीत वाढप्यानं हाका माराव्यात तसं, कोण काय खाणार ते सांगत सुटायचे. आमची भेंडी थंड व्हायची. त्यांच्या लेखी शरीर म्हणजे तोंडंच तोंडं. प्रत्येक पेशीत हजारो तोंडं, प्रत्येकाचा घास ठरलेला. एक तोंड एक वस्तू घेतं, तिची दुसरी करून सोडतं, ती तिसरं तोंड उचलतं. "कोन काय खाते तेवढं मले सांग," ते पोरांना म्हणायचे, "मंग मी त्याचा सारा संसार सांगतो."

या सगळ्या तोंडांत त्यांचं एक लाडकं होतं. पेशीला एकाची दोन व्हायचं असलं की आधी डीएनएची नक्कल करावी लागते, आणि त्या नकलेसाठी लागणारी एक वीट पाडून देणारं हे एन्झाइम. त्याचं इंग्रजी नाव इतकं लांब की पोरं ते पाठ करता करता झोपायची. सरांनी त्याचं नाव ठेवलं होतं भुऱ्या. भुऱ्या हा त्यांच्या वडिलांचा बैल. इतका खादाड की डवरणीला नेला की कपाशीचे शेंडे, धुऱ्याबांधावरची तूर, शेजाऱ्याची मिरची, काही म्हणून सोडायचा नाही. एकदा म्हणे पिकं बघायला आलेल्या तलाठ्याच्या खांद्यावरचा रुमाल त्यानं अर्धा गिळला होता, आणि उरलेला अर्धा तलाठी ओढत होता. "आतड्याच्या, जठराच्या कॅन्सरची पेशी म्हनजे मुसकं सुटलेला भुऱ्या," सर सांगायचे. "सारखी खाते, सारखी वाढते. धुरा माहीत नाही, हद्द माहीत नाही." एका पोरानं विद्यापीठाच्या पेपरात उत्तर म्हणून सरळ "भुऱ्या" लिहिलं आणि शेजारी शिंगांसकट चित्र काढलं. तपासणाऱ्यानं काय केलं ठाऊक नाही, सरांनी मात्र त्या पोराला चहा पाजला.

आता गंमत अशी की या भुऱ्याला मुसकं घालणारं औषध काही नवं नाही. आतड्याच्या कॅन्सरवर ते जुन्या काळापासून देतात. आधी सलाइनमधून देत, पुढे त्याची गोळीही निघाली. हे औषध भुऱ्याच्या रोजच्या घासासारखंच दिसतं, पण असतं खोटं. भुऱ्या फसतो, ते तोंडात घेतो, आणि घास तिथेच अडकतो. वीट पडत नाही, नक्कल थांबते. मागच्या बाकावरची एक पोरगी एकदा उठून म्हणाली, "सर, मग हे मुसकं कुठं झालं? मुसकं बाहेरून असते. हा तर घशात अडकलेला घास झाला." सर इतके खूश झाले की खांद्यावरचं मुसकं तिच्या हातात देऊन म्हणाले, "घे. आजचा तास तू घे." आणि खरंच बाकावर जाऊन बसले.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे वाक्य. तोंडी परीक्षेला पोरगं अडखळलं, "सर, हे औषध रक्तदाब कमी..." असं म्हणून थांबलं, की सर खुर्चीतून पुढे झुकत. "कमी काय? करते? होऊ देत नाही? कमी असंन त देऊ नये? वाक्य पुरं कर बे!" चुकलेलं उत्तर त्यांना चालायचं, अर्धं नाही. "चुकीचं औषध एक मानूस मारते," हे त्यांचं ठरलेलं, "अन् अर्धं वाक्य अख्खं गाव मारते." कॉरिडॉरमध्ये आमच्या गप्पा चाललेल्या असल्या आणि कुणी "जाऊ दे" म्हणून बोलणं सोडलं, तर सर मागून येऊन विचारायचे, काय जाऊ दे? कुठे जाऊ दे? लोक त्यांना पाहून वाक्यं पटापट उरकायचे.

घंटेचा किस्सा याच माणसाचा. कॉलेजच्या व्हरांड्यात रुळाचा तुकडा टांगलेला होता. शिपाई त्यावर हातोडी मारायचा, तास बदलायचा. एके दिवशी चाचणी परीक्षा चालू असताना मधेच घंटा घणघणली, आणि थांबेचना. पोरांना वाटलं वेळ संपली, काहींना वाटलं आग लागली. सगळे पेपर सोडून बाहेर. बघतो तर व्हरांड्यात सर, एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात कसलीशी छापील पानं, आणि ओरडताहेत, "पित्तनळीतल्या भुऱ्यालेबी मुसकं बसलं बे! गोळी निघाली! गोळी!" पित्तनळीच्या काही कॅन्सरमध्ये एक दुसरंच एन्झाइम बिघडून भलतंच काही तयार करू लागतं, त्याला थांबवणाऱ्या गोळीबद्दलचा लेख त्यांनी नुकताच वाचून संपवला होता. वाचून संपल्यावर माणूस फार तर चहा पितो. हे घंटेकडे धावले होते. पोरांनी मात्र कारण न कळताही जोरदार टाळ्या वाजवल्या, परीक्षा बुडाली म्हणून.

प्राचार्यांनी मेमो दिला. घंटा वाजवण्याचा अधिकार केवळ शिपायास आहे, याची नोंद घ्यावी. सरांनी नोंद घेतली, मेमो त्याच खिळ्याला मुसक्याखाली अडकवला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वाचून दाखवला.

हा सगळा उत्साह पुस्तकी आहे, असं मला बरेच दिवस वाटत होतं. काही माणसं क्रिकेटनं पेटतात, हे एन्झाइमनं, इतकंच. मग एकदा मी सहज त्या मुसक्याला हात लावला आणि म्हटलं, विणकाम काय सुबक आहे हो. सर म्हणाले, "बाईनं विनलं."

बाई म्हणजे त्यांची थोरली बहीण. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात. सरांची आई ते रांगत असतानाच गेली, आणि त्यांना बाईनं वाढवलं. घरचा डवरा बाईच हाकायची, भुऱ्याच्या मागे. भुऱ्याला आवरेल असं मुसकं बाजारात मिळेना, तेव्हा तिनं घरी सुतळी वळून दुहेरी विणीचं हे मुसकं केलं, ते भुऱ्याला मरेपर्यंत पुरलं. आता ती मोताळ्यापुढच्या एका गावात, मुलगा-सुनेकडे होती. आणि तिच्या मोठ्या आतड्यात कॅन्सर निघाला होता. ऑपरेशन जळगावला झालं होतं. पुन्हा उद्भवू नये म्हणून आता गोळ्या चालू होत्या. तीच गोळी. भुऱ्याचा खोटा घास.

हे सांगताना सरांचे डोळे भरतील असं मला वाटलं. पण ते चमकत होते. "समजून राह्यलं का मॅडम तुम्हाले? माह्या बाईच्या पोटातल्या भुऱ्याले, तिच्याच भावाच्या वर्गातलं मुसकं! मी सारी उमर हेच शिकवलं, अन् ते कोनाच्या कामी आलं पाहा!" त्या दिवशी मला कळलं की हा माणूस घंटा का वाजवतो.

श्रावणात बाईच्या गावात सप्ताह होता. बाईचा भाऊ कॉलेजात शिकवतो म्हणून, कीर्तन सुरू व्हायच्या आधी सरांनी आरोग्यावर चार शब्द बोलावेत असं मंडळींनी ठरवलं. चार शब्द म्हणजे काय हे सरांना माहीत नव्हतं. मलाही त्यांनी ओढून नेलं, कारण रुग्णांना औषधं कशी समजावून सांगावीत हा माझा विषय होता. मांडवात पुढे पुरुष, मागे दूरवर बायका. बाई मागच्या खांबाला टेकून बसली होती, काळीसावळी, हाडापेरानं मोठी, भावाकडे असं बघत होती की जणू कीर्तनकार तोच.

सर रंगले. भुऱ्या आला, तलाठ्याचा रुमाल आला, मांडव हसून हसून लोटपोट झाला. मग त्यांनी आवाज चढवला, "म्हनून सांगतो, कॅन्सरले उपाशी मारा!" आणि नेमकी त्याच क्षणी लाइन गेली. कर्णे मेले. सरांना पत्ता नाही. ते हात उभारून, त्याच आवेशात बोलत राहिले, "पन मानसाले नाही! मानसाले पोटभर जेवू घाला! कॅन्सर उपाशी राह्यते गोळीनं, उपासानं नाही!" पाहुणी म्हणून मी पुढे बसले होते, मला शब्द न् शब्द ऐकू आला. मागे बायकांमध्ये पंखे बंद पडल्याची कुजबुज चालू होती. लाइन परत आली तेव्हा सर "जय हरी" म्हणत होते. टाळ्यांचा कडकडाट झाला. आम्ही प्रसाद घेऊन खुशीत परतलो.

श्रावण सरत आला होता. एका सकाळी स्टाफरूममध्ये सरांचा फोन वाजला. बाईचा मुलगा होता. सर ऐकत गेले आणि हळूहळू खाली बसले. बाई मोरीत चक्कर येऊन पडली होती. जळगावला नेलं तर डॉक्टरांनी वजनकाट्याकडे पाहून विचारलं, हिला जेवायला देता की नाही? तोंड आलेलं, पोट सारखं बिघडलेलं, अंगात रक्त नाही. त्यांनी गोळ्या थांबवल्या. म्हणाले, आधी हिच्या पोटात अन्न जाऊ द्या. असंच चाललं तर पुढचा कोर्स देता येणार नाही, आणि कोर्स अर्धा राहिला तर मी कशाचीच खात्री देणार नाही. घरच्यांना काही कळलंच नव्हतं. श्रावण, त्यात सोमवार, शनिवार, आणखी कसले कसले वार. बाई जेवत नाही म्हणजे उपास असेल, यात विचारण्यासारखं काय?

आम्ही तशाच निघालो. एसटीत सर शेजारच्या माणसाच्या पिशवीत डोकावलेसुद्धा नाहीत. मला त्याची फार भीती वाटली.

बाई ओसरीत बाजेवर पडून होती. मांडवातली ती भरदार बाई कुठे गेली कोण जाणे, गोधडीखाली नुसती हाडं होती. पण सरांना बघून तिचा चेहरा उजळला.

"बाई, जेवत काऊन नाही वं तू?"

"तूच त सांगतलं लाहन्या."

"म्या?"

"मांडवात. माइकवर. कॅन्सरले उपाशी मारा म्हने. मंग मी मारून राह्यली." ती हसली. "पोटात आग पडे तवा मले बरं वाटे. म्हनलं, मरून राह्यला भुऱ्या."

सर कसेबसे म्हणाले, "अवं, पुढचं नाही आयकलं? मानसाले पोटभर जेवू घाला म्हनलं ना म्या?"

"पुढचं कायी नाही आयकलं बाप्पा. लाइन गेली होती."

अर्धं वाक्य अख्खं गाव मारते, असं म्हणणारा माणूस त्या ओसरीत भिंतीला पाठ लावून खाली बसला. मला त्यांच्याकडे बघवेना. म्हणून मी माझा विषय काढला. म्हटलं, मावशी, ही गोळी रिकाम्या पोटी घ्यायची नसते. जेवण झालं की अर्ध्या तासाच्या आत घ्यायची असते. अन्न नसेल तर अंगाला ताकद राहत नाही, आणि ताकद नसेल तर औषध सोसत नाही. वर्गात शिकवते तसं, सोप्या शब्दांत, हसतमुखानं. बाईनं शांतपणे ऐकून घेतलं.

"तू गुनाची हायस पोरी. पन मी देवापुढं नेम केला, बरं होईस्तोवर अन्न कमी करीन म्हनून. डॉक्टर पराया मानूस. हा मायच्या पोटचा. याच्यावर साऱ्या गावानं टाळ्या वाजवल्या. याचं खोटं कसं होईन?"

सरांनी मग पेशी सांगितल्या, वीट सांगितली, घास सांगितला. जितकं चांगलं सांगत तितकी बाई जास्त कौतुकानं मान हलवी, आणि म्हणे, "मंग बरोबरच हाय ना माह्यं." आपलं शिकवणं इतकं पटलंय म्हणून माणूस हरतोय, असं मी पहिल्यांदाच पाहत होते. सुनेनं दूधभात आणला, तो तसाच उशाशी निवला.

उद्यावर पोळा आला होता. अंगणात बाईच्या मुलानं बैल धुऊन आणले होते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्या भागात बैलांचे खांदे तूप-हळदीनं चोळतात. वर्षभर जू वाहिलेले खांदे. आणि चोळता चोळता बैलाला आवतन देतात, म्हणजे जेवायचं आमंत्रण. मुलगा कोमट तुपाची वाटी घेऊन बैलांकडे निघाला होता. सर एकदम उठले. त्यांनी ती वाटी भाच्याच्या हातातून घेतली. मला वाटलं, बैलांना चोळायला चालले, तेवढंच मन रमेल.

ते बैलांकडे गेलेच नाहीत. बाजेपाशी आले, बाईच्या मागे बसले, तिचा पदर थोडा सरकवला आणि तूप-हळदीचे हात तिच्या खांद्यांवर ठेवले. जोरानं नाही, हाडं दुखू नयेत अशा बेतानं चोळू लागले. आणि बैलाला म्हणतात तसंच, मोठ्यानं म्हणाले,

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

सुनेनं तोंडाला पदर लावला.

"मुडद्या," बाई म्हणाली, "मी काय बैल हाय?"

"नाही त काय? बाप खाटेवर पडला तवा डवरा कोनी वढला? माह्यं कॉलेज कोनी वढलं? आजवर कोनी तुले आवतन नाही देल्लं बाई, सारे तुले जू देत राह्यले. मी देतो." त्यांनी पुन्हा तुपात बोटं बुडवली. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. म्हन, घेतलं."

"अन् माह्या नेमाचं?"

"आवतनाले नाही म्हनता येत नाही. बैलबी नाही म्हनत नाही. तूच शिकवलं मले."

बाईच्या खांद्यावरून तूप हातावर ओघळत होतं. मग तिचं अख्खं अंग हलायला लागलं. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. हसता हसता रडायला लागली, आणि म्हणाली, "पाह्य वं पोरी, कसा मानूस हाय हा. बहिनीले बैल करून जेवू घालते. घेतलं बाप्पा. घेतलं आवतन."

मी त्या दिवशी तिथेच राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी दारात बैल आले, त्यांना ओवाळलं, पुरणपोळी चारली, आणि त्यानंतरचं पहिलं ताट बाईचं. सगळं घर ताटाभोवती उभं. तिनं घास मोडला, तोंडाशी नेला, थांबली. "दूध घाला त्याच्यावर," ती म्हणाली, "तोंड सोललं हाय माह्यं." सून दुधाकडे अशी धावली की वाटेत कळशी पालथी झाली. बाईनं पोळी खाल्ली. पुरी नाही, पण खाल्ली. सर अंगणात जाऊन बैलाच्या गळ्यात पडले, आणि कुणीही बघितलं नाही असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं.

अंगात जोर आल्यावर डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. मी परत समजवायला गेले, तर बाईनं मला अर्ध्यावर तोडलं. "समजलं वं. आधी ढेप चारा, मंग मुसकं बांधा. उपाशी बैलाले कोनी मुसकं बांधते का? तोडून टाकते तो." मी हेच वाक्य आता माझ्या विद्यार्थ्यांना शिकवते, जसंच्या तसं, इस्त्री न करता.

सर रोज दुपारी कॉलेजातून तिला फोन करायचे. हॅलो नाही, कशी आहेस नाही. सरळ, "आवतन हाय." आणि पलीकडून बाई काय जेवली ते सांगायची, मग गोळी. स्टाफरूममध्ये आम्ही सगळे डबे उघडून त्या फोनची वाट पाहायचो. प्राचार्यसुद्धा काहीतरी काम काढून त्या वेळी तिथे घुटमळायचे. "आज वरणबट्टी!" असं सर ओरडले की आम्हीच जेवल्यासारखं वाटायचं.

कोर्स पुरा झाला. पुढे तपासण्या झाल्या, आणि रिपोर्टात कुठेही काही सापडलं नाही. पुढेही तपासत राहावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं, आणि ते खरंच होतं. पण त्या दिवशी जळगावहून परतताना बाईनं मुलाला गाडी कॉलेजकडे वळवायला लावली.

सर वर्गात होते. मी बाईला त्यांच्या केबिनमध्ये नेलं. ती खिळ्यासमोर उभी राहिली. मग मुसकं खाली घेऊन तिनं त्याची वीण बोटांनी चाचपली, एक सैल गाठ सापडली ती दातांनी घट्ट केली. "सुतळी अजून मजबूत हाय," ती म्हणाली. मग खालचा कागद दिसला. मी वाचून दाखवला. घंटा वाजवण्याचा अधिकार केवळ शिपायास आहे.

"कोठी हाय घंटा?"

मी दाखवली. मला खरंच वाटलं, नुसती बघणार आहे.

तिनं हातोडी उचलली आणि रुळावर असा घाव घातला की समोरच्या रस्त्यावरची कापसाची गाडी थांबली. आणखी एक. आणखी एक. वर्गांतून पोरं धावत बाहेर आली. सर आले, हातात खडू. प्राचार्य आले, कपाळाला आठ्या. व्हरांड्यात नऊवारी नेसलेली म्हातारी, एका हातात हातोडी, खांद्यावर मुसकं.

"पोट्टेहो," बाई म्हणाली, "याचं भाषन म्या अर्धंच आयकलं होतं. मरता मरता वाचली. उरलेलं मी सांगते, आयका. कॅन्सरले उपाशी मारा, पन मानसाले जेवू घाला! जा आता, डबे खा."

जेवणाच्या सुट्टीला अजून बराच वेळ होता. पोरं प्राचार्यांकडे बघू लागली. प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं, बाईकडे पाहिलं, आणि घड्याळ बाहीखाली ढकललं. "ऐकलं ना? जा," ते म्हणाले. "मावशी, तुम्ही माझ्या डब्यातलं घ्या."

पोरं ओरडत डब्यांकडे पळाली. बाई सरांजवळ गेली, त्यांच्या बाहीवरचा खडू झटकला आणि विचारलं, "झालं का तुयं वाक्य पुरं, लाहन्या?"

सरांनी तिच्या हातातली हातोडी घेतली आणि स्वतः आणखी एकदा घंटा वाजवली.